ट्रे पेरणी यंत्रातील ड्रायव्हर चिप वारंवार का जळते ?

(रोपवाटिकाधारकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, कोबी, फुलकोबी या पिकांची रोपे आता बहुतेक ठिकाणी कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये तयार केली जातात. ९८ कप्प्यांचा ट्रे आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. रोपांची मागणी वाढली तशी हाताने बी टोकण्याऐवजी पेरणी यंत्रे आली. काही यंत्रे बाजारातून विकत घेतलेली असतात, तर काही जवळपासच्या कारागिरांनी जुळवलेली असतात. अशा बऱ्याच यंत्रांमध्ये ट्रे पुढे सरकविण्यासाठी आणि बी उचलणाऱ्या सुयांची पट्टी खालीवर करण्यासाठी स्टेपर मोटार वापरतात.

या यंत्रांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. "यंत्र चांगले चालत होते, एकाएकी बंद पडले. कारागिराने ड्रायव्हर कार्ड बदलले. आठ दिवस चालले, पुन्हा तेच कार्ड गेले. चिपच हलक्या दर्जाच्या येतात." कार्डाची किंमत फार नसते. खरे नुकसान होते ते दिवसांचे. रोपे अमुक तारखेला देण्याचा शब्द आपण दिलेला असतो. त्या तारखेवरून मागे मोजून पेरणीचा दिवस ठरतो. हंगामात यंत्र चार दिवस बंद राहिले की रोप चार दिवस उशिरा तयार होते आणि ज्याने रान तयार करून ठेवले आहे त्याची लागवड रखडते. म्हणून या दोषाचा नीट विचार करणे आवश्यक आहे.

आजच्या बोलण्यातील मुख्य मुद्दा आधीच सांगतो. चिप जळणे हे रोगाचे लक्षण आहे, मूळ रोग बहुधा कार्डाच्या बाहेर असतो. तो वायरीत, जोडात, कपॅसिटरमध्ये, हवेच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा चुकीच्या मांडणीत सापडतो. पान पिवळे पडले की आपण मूळ उकरून पाहतो, तसेच येथेही करावयाचे आहे. कारण सापडल्याशिवाय नवीन कार्ड बसविले तर तेही जाणार.

स्टेपर मोटार व ड्रायव्हर यांचे काम

विहिरीवरची मोटार वीज दिली की फिरत राहते. स्टेपर मोटार तशी फिरत नाही. ती ठरावीक अंशांची एकेक पायरी पुढे जाते. नेहमीच्या मोटारीची एक पायरी १.८ अंशाची असते, म्हणजे २०० पायऱ्यांत एक फेरा पूर्ण होतो. त्यामुळेच सुई बरोबर कप्प्याच्या मध्यावर येते. या मोटारीत तारेची दोन वेटोळी असतात व त्यांची चार टोके बाहेर आलेली असतात. कोणत्या वेटोळ्यात, कोणत्या दिशेने आणि किती प्रवाह सोडायचा हे काम ड्रायव्हर चिप करते. त्यासाठी ती सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करीत असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वेटोळ्यात वाहणारा प्रवाह एकदम थांबत नाही. आपली पाइपलाइन आठवा. उंचावर पाणी चढत असताना मोटार अचानक बंद झाली की पाणी मागे येते, पाइपाला दणका बसतो आणि जोड कच्चा असेल तर पाइप फुटतो. वेटोळ्याचेही तसेच आहे. वाहता प्रवाह अचानक तोडला की तेथे विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, क्षणात फार वर चढते. हा दणका चिपवर बसतो. ए-४९८८ ही प्रचलित चिप मोटारीच्या पुरवठ्याचे जास्तीत जास्त ३५ व्होल्ट सहन करते व डीआरव्ही-८८२५ ही ४५ व्होल्ट. त्याच्या वर क्षणभर जरी दाब गेला तरी चिप निकामी होऊ शकते.

फ्यूज असूनही चिप का जाते ?

असा प्रश्न बरेच जण विचारतात. फ्यूज तारेतून जादा प्रवाह गेल्याने तापून वितळतो. त्याला जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी चिप जळून गेलेली असते. फ्यूज जरूर बसवावा, पण तो वायर पेटू नये म्हणून. चिपचे रक्षण त्याने होत नाही.

प्रथम तपास, नंतर दुरुस्ती

चिप "कधीही, कशीही" जाते असे वाटते, कारण आपण नोंद ठेवत नाही. यंत्राजवळ एक वही टांगून ठेवावी. कार्ड गेले की तारीख, वेळ, कोणत्या मोटारीचे कार्ड गेले आणि त्या वेळी काय चालले होते, एवढे लिहावे. यंत्र सुरू करताना गेले, की वीज जाऊन आल्यावर, की ट्रे अडकल्यावर, की धुऊन पुसून झाल्यावर, हे महत्त्वाचे आहे. तीन-चार नोंदी झाल्या की दोष कोठे शोधायचा ते कळू लागते. त्यासाठी पुढील ठोकताळा उपयोगी पडतो.

एकाच मोटारीचे कार्ड पुन्हा पुन्हा जात असेल तर त्या मोटारीच्या वायरी, जोड किंवा वेटोळे तपासावे. कधी या मोटारीचे तर कधी त्या मोटारीचे कार्ड जात असेल तर सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टी पाहाव्यात. उदाहरणार्थ, एसएमपीएस, कपॅसिटर, पेटीतील उष्णता, ओल. हवेचा व्हॉल्व्ह बंद होण्याच्या क्षणी कार्ड जात असेल तर व्हॉल्व्हचा संशय घ्यावा.

आता एकेक कारण पाहू.

१. मोटारीचा ढिला जोड

सर्वांत आधी हेच तपासावे. पेरणी यंत्र सतत हादरत असते. सुयांच्या पट्टीबरोबर जाणारी वायर दिवसातून हजारो वेळा एकाच जागी वाकते. बाहेरचे आवरण चांगले दिसते, पण आतली तार तुटलेली असते. ती क्षणभर सुटते, पुन्हा जुळते आणि प्रत्येक वेळी चिपला दणका बसतो. एक दिवस ती जाते. यालाच आपण "एकाएकी" म्हणतो.

तपासणीची रीत अशी. वीज पूर्ण बंद करावी. मोटारीचा प्लग कार्डावरून काढावा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एका वेटोळ्याच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. या लहान मोटारींचा रोध बहुधा काही ओहम इतकाच असतो. दोन्ही वेटोळ्यांचा आकडा जवळजवळ सारखा आला पाहिजे. मग वायर प्लगपासून मोटारीपर्यंत हाताने हलवत, वाकवत जावे. आकडा उडाला की त्या जागी वायर तुटलेली आहे असे समजावे. त्यानंतर एका वेटोळ्याचे टोक व दुसऱ्याचे टोक, तसेच प्रत्येक वेटोळे व मोटारीचे धातूचे अंग यांमध्ये मोजावे. तेथे काहीही जोड दिसता कामा नये. दिसल्यास मोटार बदलावी. अशा मोटारीवर नवीन कार्ड लावू नये.

पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड या यंत्रात चालणार नाही. जोडाला डाग द्यावा किंवा योग्य हत्याराने थिंबल दाबून घ्यावे. हलणाऱ्या भागासाठी बारीक तारांची लवचीक वायर वापरावी आणि तिला मोठे वळण द्यावे. वायरीचे दोन्ही टोकांचे भाग क्लिपने बांधून घ्यावेत, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही.

आणि एक नियम सर्वांनी पाळावा. यंत्राला वीज चालू असताना मोटारीचा प्लग कधीही काढू नये वा घालू नये. "कोणती मोटार बिघडली ते पाहू" म्हणून चालू यंत्रातील प्लग काढून पाहण्याने चांगली कार्डेही जातात.

२. पुरवठ्यातील दणका व वाळलेला कपॅसिटर

एसएमपीएसपासून कार्डापर्यंत वायर लांब असेल आणि आपण चालू एसएमपीएसचा २४ व्होल्टचा प्लग कार्डाला लावला, तर लावण्याच्या क्षणी कार्डावरील व्होल्टेज दुपटीच्या जवळपास उसळू शकते. २४ ची दुप्पट ४८ होते. ए-४९८८ ची मर्यादा ३५ ची. कार्डावर बारीक सिरॅमिक कपॅसिटर असतात, पण त्यांच्याने ही उसळी आवरत नाही. किंबहुना लांब वायर व असे कपॅसिटर यांच्या जोडीनेच ती निर्माण होते.

यावर उपाय सोपा व स्वस्त आहे. प्रत्येक ड्रायव्हर कार्डाच्या अगदी जवळ, मोटार पुरवठ्याच्या धन व ऋण टोकांवर, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवावा. २४ व्होल्टच्या यंत्रासाठी तो ५० व्होल्टचा घ्यावा. त्याच्या अंगावर ऋण टोकाची पट्टी असते. टोके उलट लागल्यास तो फुटतो, म्हणून काळजी घ्यावी. पुरवठ्याच्या वायरी आखूड ठेवाव्यात व एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. यंत्र चालू-बंद करण्याचे बटण एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या बाजूस असावे, २४ व्होल्टच्या बाजूस नसावे.

यंत्र दोन-तीन वर्षे तक्रारीशिवाय चालले आणि आता कार्डे जाऊ लागली, असे असल्यास या कपॅसिटरकडे पाहावे. उष्णतेने तो आतून वाळतो. वरचे टोपण फुगलेले किंवा बुडाशी चिकट डाग असल्यास तो बदलावा. वरून चांगला दिसला तरी जुना झाला असल्यास हंगामापूर्वी बदलणे इष्ट.

३. उष्णता व प्रवाहाची चुकीची मांडणी

ए-४९८८ चे लहान कार्ड पंख्याशिवाय दर वेटोळ्याला सुमारे १ अँपिअर प्रवाह सांभाळते. नावावर २ अँपिअर असले तरी तो आकडा चांगले थंडीकरण असतानाचा आहे. उन्हाळ्यात शेडनेटमधील बंद प्लास्टिक पेटीत कार्ड ठेवले तर ते तापणारच. चिप आतून सुमारे १६५ अंश सेल्सिअस तापली की ती स्वतःहून काम थांबवते व थंड झाली की पुन्हा सुरू होते. म्हणून यंत्र दुपारी अडखळते, पायऱ्या चुकते, बी कप्प्याच्या काठावर पडते आणि सकाळी मात्र नीट चालते, असे दिसल्यास उष्णतेचा संशय घ्यावा. अशी वारंवार तापणारी चिप फार दिवस टिकत नाही.

प्रवाह किती सोडायचा ते कार्डावरील बारीक स्क्रूने ठरते. तेथील व्होल्टेज मोजून प्रवाह काढतात. येथे एक मेख आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या कार्डांवर प्रवाह मोजणारे रोधक वेगवेगळे असतात. चिपशेजारच्या दोन काळ्या रोधकांवर बारीक अक्षरांत आर१००, आर०६८ किंवा आर०५० असे लिहिलेले असते. स्क्रूवर ०.८ व्होल्ट ठेवले असता प्रवाह पुढीलप्रमाणे येतो.

ए-४९८८, आर१०० : १ अँपिअर
ए-४९८८, आर०६८ : सुमारे १.५ अँपिअर
ए-४९८८, आर०५० : २ अँपिअर
डीआरव्ही-८८२५, आर१०० : १.६ अँपिअर

म्हणजे जुन्या कार्डाचा आकडा पाहून नवीन कार्डावर तोच ठेवला तर प्रवाह दुप्पटही होऊ शकतो. नवे कार्ड आठ दिवसांत जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. कार्ड बदलताना रोधकावरील अक्षरे वाचावीत व प्रवाह नव्याने ठरवावा. मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या प्रवाहाच्या ७० ते ८० टक्के प्रवाहावर काम भागत असेल तर तेवढाच ठेवावा. मोटारीला कार्डाच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह लागत असेल तर मोठ्या क्षमतेचा, धातूच्या आवरणातील ड्रायव्हर घ्यावा.

स्क्रू फिरविताना वीज बंद ठेवावी, नंतर चालू करून मोजावे. चालू कार्डावर लोखंडी पेचकस निसटला की दोन टोके एकत्र होऊन चिप तत्काळ जाते. चिपवर चिकटविलेला ॲल्युमिनियमचा तुकडा घसरून शेजारच्या टोकांना लागत नाही ना, हेही पाहावे. पेटीला पंखा व जाळी लावावी. तसेच, स्टेपर मोटार उभी असतानाही प्रवाह घेत असते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद करावे.

४. हवेचा व्हॉल्व्ह

सुयांना निर्वात देणारा व बी सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह म्हणजे सुद्धा एक वेटोळेच आहे. तो बंद होताना तसाच दणका देतो. व्हॉल्व्ह व ड्रायव्हर एकाच एसएमपीएसवर असतील तर तो दणका चिपपर्यंत पोहोचतो. २४ व्होल्ट डीसी व्हॉल्व्हच्या दोन टोकांवर १एन४००७ हा डायोड बसवावा. डायोडवरील पांढरी पट्टी धन टोकाकडे असावी. उलट बसविल्यास पुरवठा शॉर्ट होतो. पाइपलाइनीवर आपण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो, त्यासारखीच ही सोय समजा. शक्य असल्यास व्हॉल्व्हसाठी एसएमपीएस वेगळा ठेवावा. तो शक्य नसेल तर निदान वायरी एसएमपीएसपासूनच वेगळ्या न्याव्यात.

५. हाताने ढकललेली पट्टी

स्टेपर मोटार बाहेरून फिरविली की ती जनित्राप्रमाणे वीज तयार करते. यंत्र बंद असताना ट्रेचा पट्टा जोरात ढकलला तर कार्डावरचा दिवा क्षणभर लुकलुकतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ती वीज उलट कार्डात शिरते. साफसफाई करताना पट्टा हळूहळू सरकवावा. यंत्रावर काम करणाऱ्या सर्व बायाबापड्यांना ही गोष्ट समजावून सांगावी, कारण साफसफाई बहुधा त्यांच्याच हातून होते.

६. ओल, कोकोपीट व लहरी वीज

ओल्या कोकोपीटची धूळ कार्डावर बसली की तिच्यातील क्षारांमुळे वीज नको तेथे वाहते. हिवाळ्यात पहाटे पेटीच्या आत दवही धरते. पेटी झाकणबंद असावी व वायरी खालच्या बाजूने रबरी ग्लँडमधून आत घ्याव्यात. पेटी ट्रे भरण्याच्या जागेपासून दूर व उंच बांधावी. पंख्याच्या जाळीला धूळ अडविणारा स्पंज लावून तो दर आठवड्यास झाडावा. धुतल्यानंतर यंत्र पूर्ण कोरडे झाल्याशिवाय वीज देऊ नये.

वीज गेली की यंत्राचे बटण बंद करण्याची सवय लावावी आणि वीज परत आल्यावर काही मिनिटे थांबून मग ते चालू करावे. न्यूट्रल सुटल्यास एका फेजवर व्होल्टेज खूप वाढते व एसएमपीएससह सर्व काही जाते. म्हणून न्यूट्रलचा जोड व अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. ओल्या जमिनीवर काम असल्याने ईएलसीबी बसविणे माणसांच्या सुरक्षिततेसाठीही अत्यावश्यक आहे. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक दाब काही काळ टिकून राहतो.

नवीन कार्ड बसविण्यापूर्वी

कार्ड गेले असता घाईने दुसरे न बसविता पुढील क्रम पाळावा.

१) वीज बंद करावी व वहीत नोंद करावी.
२) मोटारीच्या दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजावा, वायर हलवून पाहावी.
३) वेटोळे व मोटारीचे अंग यांत जोड नाही याची खात्री करावी.
४) कपॅसिटर व एसएमपीएसचे व्होल्टेज तपासावे. २४ व्होल्टच्या ठिकाणी ते बरेच जास्त दिसल्यास एसएमपीएस बदलावा.
५) व्हॉल्व्हवरील डायोड जागेवर आहे ना, ते पाहावे.
६) नवीन कार्डावरील रोधकाची अक्षरे वाचावीत. कार्ड उलटे बसत नाही याकडे लक्ष द्यावे.
७) प्रवाह कमी ठेवून रिकामा ट्रे चालवावा. पायऱ्या चुकत असतील तरच थोडा वाढवावा.
८) अर्ध्या तासाने चिपजवळ बोट नेऊन उष्णतेचा अंदाज घ्यावा, चिपला हात लावू नये.

हे सर्व करण्यास साधारण एक तास लागतो. मल्टिमीटर एकदाच घ्यावा लागतो आणि तो वापरणे अवघड नाही. घरातील दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी दोन दिवसांत शिकेल.

हे सर्व तपासूनही कार्ड जात असेल, तरच चिप निकृष्ट असल्याचा संशय घ्यावा आणि कार्ड दुसऱ्या ठिकाणाहून घ्यावे. कारागिराकडे जाताना नोंदवही बरोबर न्यावी. "पुन्हा गेले" एवढेच सांगितले तर तो पुन्हा कार्डच बदलील. "तिन्ही वेळा सुयांच्या पट्टीचेच कार्ड गेले आणि वायर हलविली की रोधाचा आकडा उडतो" असे सांगितले तर तो वायर बदलील आणि काम एकदाच होईल.

शेवटी एक सूचना. हंगाम सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस यंत्राची वरीलप्रमाणे तपासणी करावी. प्रवाह ठरवून, चालवून पाहिलेली दोन कार्डे व एक तयार वायर कोरड्या डब्यात जपून ठेवावी. डब्यावर त्या कार्डांचा आकडा लिहावा. हाताने खड्डे पाडण्याची फळी मोडीत काढू नये. यंत्र तपासणीसाठी एक दिवस थांबले तरी त्या फळीवर पेरणी चालू राहील, आणि रोपांची तारीख चुकेल या धास्तीने कारण न शोधता कार्ड बसविण्याची वेळ येणार नाही.